चिवट हलव्याचा खोका घरच्या घरी

कराची हलव्याबद्दल तटस्थ असलेला माणूस मला अजून भेटायचाय. कुणी खोका उघडल्या उघडल्या नारिंगी तुकड्याला हात घालतं, कुणी "ते रबर तुम्हीच खा" म्हणून पेढ्याकडे वळतं. आमच्या गिरगावातल्या दोन खोल्यांत दोन्ही पक्ष नांदत होते. वडील मुळजी जेठा मार्केटात एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहायचे. दिवाळीत पेढीवर येणाऱ्या मिठाईच्या खोक्यांपैकी दोन-तीन आमच्याकडे पोचायचे. पातळ पुठ्ठा, वर लक्ष्मीचं नाहीतर कमळाचं चित्र, पांढरा दोरा आडवा-उभा बांधलेला आणि तळाला तुपाचा डाग. आई, आत्या आणि मी हलव्याच्या बाजूच्या. आजोबा आणि भाऊ विरोधात. आजोबांना कवळी होती, त्यामुळे त्यांना माफी. भावाकडे कसलंच कारण नव्हतं.

याच खोक्यांतून माहीम हलवा यायचा. त्याच्या पापड्यांमधले बटरपेपर आम्ही जपून ठेवायचो. तूप मुरून ते आणखी पारदर्शक झालेले असायचे, नकाशे गिरवायला एकदम उत्तम. भूगोलाच्या वहीतला माझा महाराष्ट्र कायम किंचित तुपकट असायचा.

आता या मिठायांची आठवण काढणारे पुष्कळ, पण दिवाळीत हातात येतो तो सुक्या मेव्याचा डबा किंवा चॉकलेटं. म्हणून मी खोका स्वतःच भरते. त्यातला कराची आणि माहीम हलवा घरी करते आणि सोनपापडी विकत आणते. ज्यांना हा हलवा आवडत नाही त्यांच्याशी मी वाद घालत नाही, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी तो शिळा, फ्रीजमधून काढलेला किंवा घाईत शिजवलेला खाल्लेला असतो. हलवा चिवट असायलाच हवा. किती चिवट, ते मात्र करणाऱ्याच्या हातात असतं. गॅस कधी बंद करायचा एवढं समजलं की ज्याच्या त्याच्या दातांप्रमाणे हलवा करता येतो. या सगळ्या लिहिण्याचा गाभा तेवढाच आहे, बाकी वजनं-मापं.

खोक्यात हाच का?

कराची आणि माहीम हलवा खोक्यात बसले ते टिकाऊपणामुळे. पेढा, बर्फी, कलाकंद यांत खवा असतो आणि मुंबईच्या हवेत खव्याचा भरवसा दोन-तीन दिवसांपलीकडे धरू नये. कराची हलव्यात स्टार्च, साखर, पाणी आणि तूप. साखर इतकी की बुरशीला सहजी शिरकाव मिळत नाही. गावी जाणाऱ्या गाडीत रात्रभर पिशवीत राहिला तरी दुसऱ्या दिवशी तसाच.

1936 सालापर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता, त्यामुळे कराची आणि मुंबईची ये-जा जुनी. फाळणीनंतर सिंधमधले हलवाई इकडे आले, त्यांच्याबरोबर हा हलवा मुंबईत घट्ट रुजला. चंदू हलवाईच्या नावापुढे 'कराचीवाला' लागतं ते त्यामुळेच. माहीम हलव्याची गोष्ट त्याहून जुनी. जामनगरहून आलेल्या गिरिधर मावजी यांनी माहीममध्ये तो सुरू केला आणि जोशी बुढाकाका माहीम हलवावाला या दुकानात त्यांच्या पुढच्या पिढ्यांनी तो चालू ठेवला.

कराची हलवा

साहित्य मोजून घ्या. लाडवात अंदाजपंचे चालतं, इथे नाही. कॉर्नफ्लोअर 100 ग्रॅम, साखर 350 ग्रॅम, साजूक तूप 90 ते 100 ग्रॅम, पाणी 500 मिलिलिटर, लिंबाचा रस एक चहाचा चमचा, काजू 50 ग्रॅम, सहा-सात वेलदोड्यांची पूड आणि मूठभर मगज (खरबुजाच्या सोललेल्या बिया). एवढ्यात पाऊण किलोच्या आसपास हलवा होतो. अर्ध्या किलोचा खोका भरून वर घरच्यांना चाखायला उरतो.

रंगाबद्दल आधीच सांगते. खाण्याच्या रंगांना मिठाईत कायद्याने किलोमागे 100 मिलिग्रॅमची मर्यादा आहे, म्हणजे सुरीच्या टोकावर मावेल त्याहूनही कमी. घरच्या हलव्याला दुकानासारखा भडक नारिंगी आणायचा हट्ट धरू नका. मी पाण्यात कालवलेल्या केशरी रंगाचे तीन-चार थेंब घालते. न घातला तरी हलवा फिकट, काचेसारखा होतो आणि तोही चांगला दिसतो. हळद अजिबात नको, वास येतो.

काजूचे मोठे तुकडे करून चमचाभर तुपात हलके परतून बाजूला ठेवा. ज्या थाळीत हलवा थापायचा तिला आत्ताच तूप लावून ठेवा, कारण नंतर तुमचा एकही हात मोकळा नसेल.

कॉर्नफ्लोअर 300 मिलिलिटर गार पाण्यात गुठळी राहू न देता कालवा. पाच मिनिटांत ते तळाशी बसतं, म्हणून ओतण्याआधी पुन्हा ढवळायचं. जाड बुडाच्या कढईत साखर आणि उरलेलं 200 मिलिलिटर पाणी घ्या. नॉनस्टिक कढई असेल तर संकोच करू नका. आमच्या आत्याने जन्मभर पितळीत केला, पण तिच्या दंडात जोर होता. साखर विरघळून पाकाला उकळी आली की लिंबाचा रस घाला आणि दोन मिनिटं उकळू द्या. तार बघत बसायचं नाही. इथे पाक नुसता साखरपाणीच हवा, पुढे आटायला भरपूर वेळ आहे.

लिंबू आंबटपणासाठी नसतं. आम्लाने साखरेचा थोडा भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटतो आणि मग उरलेली साखर पुन्हा खडे धरत नाही. लिंबू गाळलंत तर दोन दिवसांनी हलव्याच्या कडा पांढुरक्या, रवाळ होतात. जास्त घातलंत तर स्टार्चही कमजोर पडतं आणि हलवा कितीही शिजवला तरी ढिला राहतो. एक चमचा म्हणजे एकच.

आता गॅस मध्यम करून कॉर्नफ्लोअरचं पाणी बारीक धारेने पाकात ओता, दुसऱ्या हाताने सतत ढवळत. पहिली चार-पाच मिनिटं काहीच घडत नाही असं वाटतं, आणि मग एकदम मिश्रण पुस्तकं चिकटवायच्या खळीसारखं पांढरट आणि जड होतं. कॉर्नफ्लोअरचे कण साधारण 62 ते 72 अंशांना पाणी पिऊन फुगतात. पाकातल्या साखरेमुळे त्यांना याहून जास्त उष्णता लागते, म्हणून हा वेळ जातो. पहिल्यांदा करणारे इथे घाबरतात आणि गॅस बंद करतात. करू नका. कच्च्या स्टार्चची खडूसारखी चव जिभेवर राहते ती याच घाबरण्यामुळे.

ढवळत राहा. हळूहळू पांढरेपणा जाऊन मिश्रण पारदर्शक व्हायला लागतं. तसं दिसलं की तूप घालायला सुरुवात करा, एका वेळी एक मोठा चमचा. पहिला चमचा पूर्ण जिरल्याशिवाय दुसरा नाही. सगळं तूप एकदम ओतलं तर हलवा त्यात पोहत राहतो, आत घेत नाही. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला रंग घाला. निम्मं तूप संपेस्तोवर मिश्रण कढईची कड सोडायला लागलेलं असतं आणि कालथ्यामागे एकसंध फिरतं.

कुठे थांबायचं

याच टप्प्यावर घरातले दोन्ही पक्ष खूश करता येतात. तूप घालायला सुरुवात केल्यापासून मध्यम-मंद आंचेवर मला वीस ते तीस मिनिटं लागतात. तुमचा गॅस आणि तुमची कढई वेगळी, त्यामुळे घड्याळापेक्षा बोटांवर विसंबा. दाण्याएवढा हलवा गार ताटलीवर टाका, मिनिटभर थांबा, मग तो दोन बोटांत घ्या.

गोळी वळते पण दाबल्यावर बोटाला किंचित चिकटते, हा पहिला थांबा. इथे गॅस बंद केलात तर हलवा मऊ, जरा लिबलिबीत होतो, जिभेने टाळूला दाबला तरी तुटतो. कवळीवाल्यांसाठी आणि लहान मुलांसाठी हा. टिकतो मात्र कमी, चार-पाच दिवसांत संपवावा.

गोळी बोटाला अजिबात चिकटत नाही, दाबून सोडली की परत आपल्या आकारात येते आणि कढईत कडेने तूप सुटून चकचकायला लागतं, हा दुसरा. दुकानातला चांगला हलवा इथला असतो. दात रुततो, क्षणभर अडतो, मग सुटतो. त्या अडण्यासाठीच तर आम्ही खातो. पाहुण्यांसाठी, खोक्यासाठी हाच.

तिसरा थांबा आमच्या आत्याचा. तूप सुटल्यावरही ती आणखी सात-आठ मिनिटं परतायची. गोळी ओढली तर ताणली जायची, तुटायची नाही. तो हलवा चघळत ती अख्खी दुपार शिवणयंत्रावर काढायची. मला तो आवडतो, पण कुणाला देताना मी सांगून देते, कारण दातात चांदी भरलेल्या माणसाला असा हलवा न सांगता देणं हा गुन्हा आहे.

एकाच घाण्यात दोन पोत हवे असतील तर दुसऱ्या थांब्याआधी निम्मा हलवा काढून एका थाळीत थापा आणि उरलेला शिजवत राहा. थापण्याआधी दोन्हीत काजू, मगज आणि वेलदोड्याची पूड घालायची विसरू नका. थाळीत ओतल्यावर वरून बटरपेपर ठेवून वाटीच्या बुडाने सपाट करा. जाडी बोटभर.

मग हात लावायचा नाही. किमान चार तास, जमलं तर रात्रभर. गार होताना स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना धरतात आणि हलव्याला अंग येतं. कोमट असताना पाडलेल्या वड्या ओघळतात. सुरीला तूप लावा आणि ओढून न कापता वरून दाबून कापा. आडवी ओढली की कड फाटते आणि काजू उपटून येतात.

फ्रीजमध्ये ठेवायचा मोह होईल. तसं केलंत तर वर सांगितलेली धरण्याची क्रिया फारच वेगात होते आणि दुसऱ्या दिवशी हातात येतं ते खरोखरच रबर. माझ्या मते या हलव्याची निम्मी बदनामी फ्रीजनेच केलेली आहे. बाहेर, घट्ट झाकणाच्या डब्यात, थरांमध्ये बटरपेपर घालून ठेवा. दुसऱ्या थांब्याचा हलवा आठवडाभर सहज राहतो. कुणी आधीच फ्रीजमध्ये घातला असेल तर वाफेवर मिनिट-दोन मिनिटं धरा, बराचसा परत येतो.

ज्यांच्याकडे उन्हाळ्यात कुरडया होतात त्यांना एक आगाऊ सूचना. कुरडयांचा गव्हाचा चीक काढाल तेव्हा त्यातला वाटीभर बाजूला काढा आणि कॉर्नफ्लोअरऐवजी तो वापरून बघा. तीन दिवस रोज पाणी बदलून गहू भिजवणं, वाटणं, गाळणं, रात्रभर निवळू देणं हे निव्वळ हलव्यासाठी कुणी करणार नाही, मीही नाही करत. पण चीक आयता असेल तर सोडू नये. वरचं आंबूस पाणी पूर्ण काढून टाका. हलव्याला किंचित तपकिरी छटा येते आणि चिवटपणा राहूनही तो तोंडात लवकर मोकळा होतो. भाऊ हा खातो. मोठेपणाने खातो, पण खातो.

माहीम हलवा

हा दिसतो अवघड, पण शिजायला कराची हलव्यापेक्षा कितीतरी लवकर होतो. एक वाटी दूध, एक वाटी साखर, पाव वाटी कॉर्नफ्लोअर आणि पाव वाटी तूप, सगळं गार असतानाच एकत्र कालवा आणि मग गॅसवर ठेवा. ढवळत राहिलात की घट्ट होत होत दहा-बारा मिनिटांत गोळा कड सोडतो. कराची हलव्यात आपण पारदर्शकपणा शोधतो, इथे उलट हवंय. गोळा जरा मंद दिसायला लागला, चिमटीत धरल्यावर किंचित रवाळ लागला की लगेच उतरवा.

सगळी कसोटी पुढच्या तीन मिनिटांत असते. ओट्यावर मोठा बटरपेपर आधीच पसरून ठेवा. गरम गोळा त्यावर टाका, वर दुसरा कागद आणि भराभर लाटा. गार झाला की तो लाटला जात नाही, भेगा पडतात. पोळीहून जरा जाड, एवढा पातळ झाला पाहिजे. वरचा कागद उचलून वेलदोड्याची भरड, बदाम-पिस्त्याचे काप पसरा आणि कागद परत ठेवून लाटणं एकदा हलकेच फिरवा म्हणजे काप रुततात. माझ्या ओट्यावर हे काम दोघांनी करायचं असतं. एकाने कागद धरायचा, दुसऱ्याने लाटायचं, आणि धरणाऱ्याने सूचना करायच्या नाहीत.

वरचा कागद काढून रात्रभर पंख्याखाली वाळू द्या. दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेत एक रात्र पुरते. श्रावणात करायला जाऊ नका, चिकट राहतो. सकाळी खालच्या कागदासकट चौकोन कापा. कागद आधी सोलून मग कापायला गेलात तर पापड्या एकमेकींना धरतात.

माहीम हलव्याच्या विरोधकांची तक्रार वेगळी असते. तो पातळ आहे, खाल्ल्यासारखा वाटत नाही, तुपाने बोटं माखतात. तिघींपैकी एकही खोटी नाही. पण तो वडीसारखा चावून खायचाच नसतो. पापडी घडी घालून तोंडात टाकायची आणि चावण्याआधी थोडं थांबायचं. आजोबांना कवळी असूनही हा चालायचा तो याच रीतीने.

सोनपापडी विकतच आणा

साखरेचा गरम पाक ओढून पांढरा करायचा, त्याचं कडं करून तुपात भाजलेल्या बेसन-मैद्यात घोळवत ताणायचं, दुमडायचं, पुन्हा ताणायचं, आणि असं करत करत त्याचे केसासारखे तंतू करायचे. थाळीभोवती चार सवयीचे हात लागतात, आणि दमट हवेत तंतू जागच्या जागी विरघळून गोळा होतो. घरी करू नये.

विकत घेताना पुड्यावरचं साहित्य वाचा. ते वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेलं असतं. साखर पहिली असणारच. तूप आहे की वनस्पती, आणि ते कितव्या नंबरावर आहे, ते बघा. टाळूला मेणासारखा थर बसतो तो वनस्पतीचा. पुडा हलवून भुगा खळखळत असेल तर परत ठेवा. उघडल्यावर सगळी एका वेळी संपवायची तयारी ठेवा किंवा लगेच हवाबंद डब्यात भरा. अंगावर सांडते हे खरंच आहे, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

सुटी मिठाई घेत असाल तर ट्रेवर ती कोणत्या तारखेपर्यंत चांगली राहील ते लिहिलंय का बघा, 1 ऑक्टोबर 2020 पासून ते लिहिणं सक्तीचं केलं होतं. पाटी दिसली नाही तर विचारा. आणि खोक्याचं वजन मिठाईत धरता येत नाही. आमच्या भागातल्या एका दुकानात खोका काट्यावर ठेवूनच मोजायला सुरुवात करायचे. मी दर वेळी "आधी रिकामा खोका ठेवून शून्य करा" म्हणते. आता मला बघितलं की आपणहून करतात, चेहरा मात्र तसाच.

खोका भरताना

पुठ्ठ्याचे कोरे खोके मशीद बंदरला किंवा जवळच्या पॅकिंगच्या दुकानात डझनाच्या हिशेबाने मिळतात. अर्ध्या किलोचा चपटा घ्या. आत बटरपेपर असा घाला की चारही बाजूंनी बाहेर लोंबेल आणि वरून झाकता येईल, नाहीतर पुठ्ठा तूप पितो आणि कडा ओल्या पडतात. कराची हलव्याच्या वड्या प्रत्येकी वेगळ्या कागदात गुंडाळा, टोकांना पीळ द्या. मऊ आणि चिवट असे दोन्ही घातले असतील तर मऊला पांढरा कागद आणि चिवटला रंगीत, आणि ज्याला देताय त्याला हे सांगा. सोनपापडी या खोक्यात घालू नका, ती शेजारच्या हलव्यातला ओलावा ओढून घेते आणि बसते. तिचा पुडा वेगळा द्या.

कराची हलवा तळाला, माहीम हलवा वर. उलट केलंत तर पापड्या दबून कागदासकट एकजीव होतात. दोरा बांधा, पण घट्ट नको.